छायाचित्रांचे अंकरूप

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा भारत-सोव्हिएत करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला, आणि तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. या दोन घटनांच्या दरम्यान, 1957 साली, अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे सुमारे 5 सेंटिमीटर लांबीरुंदीचे छायाचित्र संगणकास वाचावयास दिले. त्या चित्राचे 176 ओळींत प्रत्येकी 176, म्हणजे एकूण 30,976 बिंदू झाले. भिलाईच्या उभारणीच्या काळातील घरगुती छायाचित्रे आता ट्रंकांतून जीर्ण होत आहेत. आणि कर्श यांचे तंत्र मात्र सामान्य घराच्या मेजावर येऊन पोहोचले आहे. त्याचा उपयोग कसा करावा ते पाहू.

स्कॅनरच्या काचेखालून एक दिवा सरकत जातो. चित्रावरून परावर्तित झालेला प्रकाश संवेदकांच्या रांगेवर पडतो. प्रत्येक बिंदूच्या उजळपणास 0 ते 255 यांपैकी एक अंक मिळतो. रंगीत चित्रात तांबडा, हिरवा व निळा यांसाठी असे तीन अंक लागतात. फिल्म पारदर्शक असल्यामुळे तिच्यातून प्रकाश आरपार जावा लागतो. म्हणून फिल्म वाचणाऱ्या स्कॅनरच्या झाकणातही दिवा असतो.

येथे एक प्रश्न उद्भवतो : एका इंचात किती बिंदू घ्यावेत? 6 इंच लांब व 4 इंच रुंद अशा कागदी चित्रास इंचामागे 300 बिंदू पुरतात. त्याचे 21 लाख 60 हजार बिंदू होतात. परंतु 35 मिलिमीटर फिल्मवरील चित्र अवघे 36 मिलिमीटर लांब व 24 मिलिमीटर रुंद असते. त्यास तेच प्रमाण लावले, तर जेमतेम 1 लाख 20 हजार बिंदू हाती येतात व चेहरे पुसट होतात. इंचामागे 2,400 बिंदू घेतल्यास ती संख्या सुमारे 77 लाख होते. निगेटिव्ह उपलब्ध असल्यास कागदी प्रतीऐवजी तीच वाचावी. कारण प्रत काढताना छायाप्रकाशाचे काही बारकावे नाहीसे झालेले असतात.

काही स्कॅनर अवरक्त किरणांच्या साहाय्याने धूळ व ओरखडे ओळखून पुसतात. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण पार होतात. कृष्णधवल फिल्ममधील चांदी मात्र त्यांना अडविते. परिणामी यंत्र चित्रालाच ओरखडा समजते. म्हणून जुन्या कृष्णधवल फिल्मसाठी ही सोय बंद ठेवावी, आणि धूळ मऊ कुंचल्याने आधीच झाडावी. फिल्म कडेने धरावी. ओल्या फडक्याने पुसू नये.

मूळ अंकचित्र ‘टिफ’ स्वरूपात जपावे. ‘जेपेग’ स्वरूपात जागा कमी लागते. परंतु त्यासाठी काही तपशील गाळला जातो. प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देणे ही मात्र मोठी हानी होय. अपुऱ्या बिंदूंत वाचलेले चित्र पुढे कोणत्याही उपायाने अधिक स्पष्ट होत नाही; मूळ फिल्म असेल तरच ते पुन्हा वाचता येते. फिल्मवरील जिलेटिनास पावसाळी दमट हवेत बुरशी लागते. यास्तव ती कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, आणि स्कॅनिंगचे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे.