खर्जाच्या पेटीची वायुनळी

रिकाम्या घागरीच्या तोंडावरून आडवी फुंकर घातली असता तिच्या पोटातून एक खोल, घुमणारा स्वर निघतो, हा अनुभव लहानपणी बहुतेकांनी घेतलेला असतो. घागरीत थोडे थोडे पाणी ओतीत गेले की तोच स्वर चढत जातो. त्या वेळी हलते ती मुख्यतः घागरीच्या मानेतील हवा. मानेतील हवेचा तो लहानसा गोळा म्हणजे जणू एक वजन, आणि पोटात कोंडलेली हवा म्हणजे त्या वजनाखालची स्प्रिंग. वजन खाली दाबले की स्प्रिंग ते वर ढकलते, आणि ही ये-जा ठराविक आवर्तनांनी चालू राहते. हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वरसंवेदनेवरील आपल्या १८६३ सालच्या ग्रंथात अशा पोकळ पात्रांचा शास्त्रशुद्ध विचार केला. आज घरी सबवूफर बांधणारा हौशी कारागीर प्लायवुडच्या पेटीस भोक पाडून त्यात नळी बसवितो, तेव्हा तो हीच घागर लाकडात घडवीत असतो.

ध्वनिक्षेपकाचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि पाठीमागची विरळ होते. बंद पेटीत पाठीमागचा हा ध्वनी वाया जातो. पेटीस नळी ठेवली आणि नळीतील हवेचे वजन व पेटीतील हवेची स्प्रिंग ह्यांचा मेळ नीट घातला, तर त्या मेळाच्या आवर्तसंख्येजवळ पाठीमागचा ध्वनी उलटून, शंकूच्या पुढील ध्वनीशी हातमिळवणी करीत बाहेर पडतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या आल्बर्ट थुरास ह्यांना १९३२ साली ह्याच कल्पनेचे पेटंट मिळाले. पुढे कित्येक वर्षे अशा पेट्या बऱ्याचशा अंदाजाने बांधल्या जात. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीएल ह्यांनी आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल ह्यांनी त्या अंदाजास गणिताची बैठक दिली. आज ध्वनिक्षेपकासोबत मिळणाऱ्या तपशिलाच्या कागदावर जे आकडे छापलेले असतात, ते ह्या दोघांच्याच नावाने ओळखले जातात.

आता प्रश्न असा की नळी किती रुंद आणि किती लांब असावी? बहुतेक हौशी मंडळी येथेच उलट्या क्रमाने चालतात. पेटी आधी कापून, सरस लावून, जोडून ठेवतात आणि मग हाताशी असलेला नळीचा तुकडा तीत बसवू पाहतात. वास्तविक प्रथम ठरवावयाचा तो नळीचा व्यास. लांबी त्या व्यासावरून आपोआप निघते, आणि पेटीचा आकार त्या लांबीवरून ठरतो.

एक उदाहरण घेऊ. पेटीचे निव्वळ घनफळ ६० लिटर आहे आणि ती सेकंदास ३० आवर्तनांवर जुळवावयाची आहे. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ आवर्तनांचा आणि बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ आवर्तनांची असते. तेव्हा घरगुती संगीतासाठी ३० ही मर्यादा पुरेशी उदार आहे. लांबीचे गणित असे : नळीच्या आतील व्यासाचा सेंटिमीटरांत वर्ग करावा व त्यास २३,५५० ने गुणावे. पेटीचे लिटर आणि आवर्तसंख्येचा वर्ग ह्यांच्या गुणाकाराने त्यास भागावे. उत्तरातून व्यासाची ०.७३ पट वजा करावी. ही वजाबाकी अशासाठी की, नळीच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही नळीतील हवेबरोबर ये-जा करते; म्हणजे हवेच्या दृष्टीने नळी दिसते त्याहून लांब असते.

ह्या हिशेबाने साडेसात सेंटिमीटर व्यासाची नळी १९ सेंटिमीटर लांब हवी. १० सेंटिमीटरची घेतली तर लांबी ३६ वर जाते, आणि १५ सेंटिमीटरची घेतली तर तब्बल ८७ वर! व्यास दुप्पट केला की हवेच्या हिशेबातील लांबी चौपट होते. साहजिकच कोणीही म्हणेल की साडेसातचीच नळी बरी. आटोपशीर आहे, पेटीत सहज मावते. बहुतेक पेट्या बिघडतात त्या ह्याच मोहापायी.

कारण जुळणीच्या आवर्तसंख्येवर शंकू जवळजवळ स्तब्ध असतो आणि आवाजाचा जवळजवळ सर्व भार नळीतील हवेवर पडतो. भोक लहान असेल तर तितकीच हवा अधिक वेगाने आत-बाहेर करावी लागते. वेग वाढला की नळीच्या काठाशी हवेचे भोवरे उठतात. मंद आवाजात काही कळत नाही; पण संगीत रंगात आले, मृदंगावर थाप पडली की स्वराबरोबर फुस्स फुस्स असा आवाज ऐकू येऊ लागतो. वेग आणखी वाढला तर नळी गुदमरते आणि पेटी बंद असल्याप्रमाणे वागू लागते. ज्यासाठी भोक पाडले तोच लाभ, नेमक्या गरजेच्या वेळी, नाहीसा होतो.

व्यास किती असावा ह्यासाठी स्मॉल ह्यांनी सोपा ठोकताळा सांगितला आहे. शंकूचे परिणामी क्षेत्रफळ आणि त्याची एका दिशेची कमाल हालचाल ह्यांचा गुणाकार करावा. म्हणजे शंकू किती घन सेंटिमीटर हवा हलवितो ते कळते. त्यास जुळणीच्या आवर्तसंख्येने गुणून वर्गमूळ काढावे व त्याचा दशांश घ्यावा. हा झाला सेंटिमीटरांतील किमान व्यास. दहा इंची ध्वनिक्षेपकाचे क्षेत्रफळ ३३० चौरस सेंटिमीटर आणि हालचाल एक सेंटिमीटर धरली, तर ३३० गुणिले ३० म्हणजे ९,९००. वर्गमूळ सुमारे ९९.५, दशांश जवळजवळ १०. साडेसातच्या नळीचे छेदक्षेत्र ह्याच्या जेमतेम ५६ टक्के भरते. म्हणून तीत हवेचा वेग पावणेदोन पटींहून अधिक होईल. खोली लहान असेल आणि ऐकणारा मंद आवाजाचा भोक्ता असेल, तर तीही चालून जाईल. पण सबवूफर बांधणारा मनुष्य मंद आवाजावर संतुष्ट राहील, अशी खात्री कोणी द्यावी?

व्यास दहाच्या आसपास ठरला. बाजारात सांडपाण्यासाठी मिळणारी ११० मिलिमीटरची पीव्हीसी नळी येथे उपयोगी पडते. मात्र तो आकडा बाहेरील व्यासाचा असतो. आतील व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे कमी भरतो. कागदावरचा ११ धरून गणित केले तर लांबी पावणेपंचेचाळीस सेंटिमीटर येते, आणि प्रत्यक्ष मोजलेला १०.४ धरला तर साडेएकोणचाळीस. पट्टी लावून आतून मोजणे ह्यास पर्याय नाही.

साडेएकोणचाळीस सेंटिमीटरची नळी पेटीत मावावयाची, शिवाय तिचे आतले तोंड आणि समोरची भिंत ह्यांत निदान एका व्यासाइतके अंतर राहावयास हवे. म्हणजे आतील खोली पन्नासच्या घरात गेली. ४० सेंटिमीटरच्या चौरस ठोकळ्यात हे जमणार नाही. नळीचे स्वतःचे घनफळ साडेतीन लिटरांहून अधिक आहे. ध्वनिक्षेपकाच्या मागच्या भागासाठी दोन लिटर धरले तर पेटी आतून ६० नव्हे, ६५-६६ लिटरांची हवी. ५० गुणिले ३६ गुणिले साडेछत्तीस असे माप घेतले की हिशेब बसतो. आधारासाठी आत पट्ट्या मारल्यास त्यांचे घनफळ आणखी वाढवावे. प्लायवुड कापण्यापूर्वी हे गणित झाले असेल तर कागदाचा एक ताव खर्च होतो. नंतर झाले तर फळ्याच नव्याने आणाव्या लागतात.

लांब नळी टाळण्यासाठी काहीजण एकाऐवजी दोन बारीक नळ्या बसवितात. कल्पना वाईट नाही, पण तीत एक फसगत दडलेली आहे. साडेसातच्या एका नळीस १९ सेंटिमीटर लागतात म्हणून तशाच १९ सेंटिमीटरच्या दोन नळ्या बसविल्या, तर पेटी ३० ऐवजी ४२ आवर्तनांवर जुळते. मूळची ३० आवर्तने राखावयाची तर प्रत्येक नळी साडेत्रेचाळीस सेंटिमीटरची करावी लागते. तेव्हा लांबीची सुटका दोन नळ्यांनीही होत नाही. काटकोनी जोड लावून नळी वळविणे हा त्यापेक्षा बरा उपाय. लांबी मात्र मध्यरेषेवरून मोजावी. लाकडाच्या चौकोनी फटीचेही गणित क्षेत्रफळावरूनच करतात. फट फार अरुंद करू नये, इतकेच.

एक धोका मात्र गणिताच्या कागदावर दिसत नाही. जुळणीच्या खाली, म्हणजे २०-२२ आवर्तनांवर, नळी शंकूस आधार देत नाही; पेटीतील हवा मोकळेपणी निसटते आणि शंकू बेफाम हलू लागतो. चित्रपटांतील स्फोटांत असे ध्वनी भरपूर असतात, आणि महागडा ध्वनिक्षेपक त्यात एका रात्रीत निकामी होऊ शकतो. त्यासाठी अँप्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर असल्यास तो जुळणीच्या किंचित खाली लावावा.

राहता राहिला नेमकेपणा. उदाहरणातील नळी एक सेंटिमीटरने आखूड झाली तर जुळणी ३० वरून ३०.३ वर जाते, आणि हा फरक कोणाच्याही कानास कळणार नाही. तरीही नळी प्रथम दोन-तीन सेंटिमीटर लांबच कापावी, कारण कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. ती तात्पुरती घट्ट बसवून, मोबाइलवरील स्वरनिर्मितीच्या साधनाने ४० आवर्तनांपासून हळूहळू खाली यावे. आवाज बेताचा ठेवून शंकूकडे बाजूने पाहावे. ज्या आवर्तसंख्येवर शंकू जवळजवळ थांबलेला दिसेल आणि नळीच्या तोंडाशी धरलेल्या तळहातास वाऱ्याचा झोत सर्वाधिक लागेल, ती पेटीची जुळणी. ती ३० च्या खाली आली तर करवतीने अर्धा अर्धा सेंटिमीटर काढीत जावे. मग नळीची दोन्ही तोंडे कानशीने गोलसर करावी, आतल्या तोंडासमोर कापूस किंवा फेल्ट येणार नाही असे पाहावे, आणि नळी सरसाने कायमची बसवावी.