आधी नखं मोजा

वीस नखांचं कासव घरात आणलं की पैशांचा पाऊस पडतो, ही थाप महाराष्ट्रात अजून खपते. भोंदू बाबा गिऱ्हाईक गाठतो आणि विहिरीतलं, ओढ्यातलं एखादं कासव पोत्यात जातं. पावसाचं नंतर बघू, आधी नखं मोजू. स्टार कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. आणि आपल्या तळ्या-विहिरींतलं मऊ पाठीचं कासव? प्रत्येक पायाला तीनच. एकूण बारा! बोटं पाच असतात, पण उरलेल्या दोन बोटांना नखच नसतं.

याच तीन नखांवरून त्याला शास्त्रीय नाव मिळालं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रॉय सेंत-इलेर यांनी १८०९ मध्ये 'ट्रायोनिक्स' ही प्रजाती मांडली. ग्रीकमध्ये 'ओनिक्स' म्हणजे नख. 'ट्राय' म्हणजे आपलाच 'त्रि'. कुळाचं नाव त्यावरूनच पडलं, ट्रायोनिकिडी.

मग मऊ पाठीची सगळी कासवं ट्रायोनिक्सच का? जुनी पुस्तकं वाचली तर तसंच वाटेल, कारण बरीच वर्षं यातल्या बहुतेकांना त्या एकाच नावाखाली कोंबलं जायचं. १९८७ मध्ये पीटर मेलन यांनी सांगाड्यांची बारकाईने तुलना करून ही मोळी सोडली. आज त्या नावाखाली आफ्रिकेतलं एकच जिवंत कासव उरलंय. कुळाची उपकुळं दोन. एकात आपलं नेहमीचं 'लिसेमिस पंक्टाटा' येतं. त्याच्या पोटाकडे कातडी झडपा असतात; मागचे पाय आत घेतले की त्या दाराच्या फळीसारख्या मिटतात. दुसऱ्या उपकुळात गंगेतलं मोठं कासव आहे आणि लीथचं कासवही. हे लीथचं आपल्या खास जवळचं. १८७२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. किती पुणेकरांना याची खबर असेल?

पाठ मऊ म्हणजे आत हाड नाही, असंही नाही. बोटाने दाबलं तर मधोमध हाडांची तबकडी लागते. नसतात ते वरचे कडक खवले. त्यांच्या जागी कातडी असते आणि कडा लवचीक राहते. लेदरबॅक या समुद्री कासवाची पाठही चामड्यासारखी, पण त्याचं कुळ निराळं. मऊ पाठीच्यांचं सर्वांत जवळचं नातलग न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियात राहतं. नाक डुकरासारखं, पाय वल्ह्यांसारखे.

राहिला गरीब स्वभाव. कासव बिचारं पाला खाऊन राहतं, हा समज इथे चालत नाही. मासे, बेडूक, गोगलगायी, मेलेली जनावरं असा यांचा आहार. गंगेतले मृतदेह फस्त करावेत म्हणून वाराणसीला ही कासवं मुद्दाम सोडली होती. मान लांब आणि चपळ असते. पाठीकडून धरलं तरी चावा बसतो.

लिसेमिस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडलं किंवा घरी पाळलं, तर किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. कुणी 'नखांचं कासव' विकायला आणलं, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.