मर्यादित जबाबदारी कोणाची?

वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेस हिल रोड आणि बाजार रोड हे लहान दुकानदारांचे रस्ते. पूर्वेस वांद्रे-कुर्ला संकुलात सेबी, राष्ट्रीय शेअर बाजार आणि बड्या बँकांची कार्यालये. पश्चिमेकडील एखादा कापडवाला वा बेकरीवाला धंद्यात जम बसल्यावर आपली पेढी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ करावयास निघतो, तेव्हा पूर्वेकडील मातब्बरांना लाभलेले कायद्याचे संरक्षण आपल्यालाही मिळेल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कायद्याच्या पुस्तकापुरती खरी आहे.

मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने आले; पण त्याचा कस लागला तो लंडनच्या एका बूट-कारखानदाराच्या खटल्यात. ॲरन सॉलोमनने आपला धंदा स्वतःच्याच कंपनीस विकला. २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे, पत्नी आणि पाच मुलांचा एकेक. कंपनी बुडाली, परंतु १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, कंपनी ही सॉलोमनहून निराळी व्यक्ती असून तिची देणी त्याची नव्हेत. लहान धंदेवाल्याला कंपनीचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते या निकालाने.

खेळत्या भांडवलासाठी बँकेच्या पायऱ्या चढताच मात्र हे दार पुन्हा अर्धे लागते. कर्जाच्या कागदांत संचालकांचे वैयक्तिक हमीपत्र सहसा असतेच. त्यावर सही झाली की १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम लागू होते आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच ठरते. दिवाळखोरी संहितेखाली कंपनीच्या कर्जाची तडजोड मंजूर झाली, तरी हमीदार आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. तो वाद बड्या उद्योगपतींच्या हमीपत्रांचा होता. नियम हिल रोडलाही तोच. मग जबाबदारी मर्यादित राहते ती कोणापुरती? ज्याला हमीपत्र मागण्याची ऐपत नाही, त्याच्यापुरती. म्हणजे उधारीवर मैदा देणाऱ्यापुरती, शिलाईचे पैसे थकलेल्या कारागिरापुरती. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा भाग क्वचितच सापडतो.

बोजा मात्र पुरता येतो. वर्षभरात विक्री शून्य असली तरी हिशेबतपासनीस नेमावा लागतो. वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे गेले पाहिजे; जुलै २०१८ पासून उशिराबद्दल प्रत्येक कागदामागे दिवसाला १०० रुपये पडतात. लागोपाठ तीन वर्षे कागद न गेल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतो. २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून खोडली गेली. २००८ च्या कायद्यातील मर्यादित दायित्व भागीदारीत हा व्याप बराच कमी आहे, आणि ४० लाखांपर्यंतची उलाढाल व २५ लाखांपर्यंतचे भांडवल असल्यास हिशेबतपासणीचीही सक्ती नाही. हमीपत्रापासून मात्र तिथेही सुटका नाही.

उपाय अशक्य नाही. लहान उद्योगांच्या कर्जांना संरक्षण देणारा पतहमी न्यास केंद्र सरकारने व सिडबीने २००० साली स्थापन केला. तारण व त्रयस्थाचा जामीन त्यात लागत नाही, पण प्रवर्तकाची स्वतःची हमी घेण्यास बँक मोकळी राहते. ब्रिटनने २०२० च्या महामारीत सरकारी हमीच्या अडीच लाख पौंडांखालील कर्जांवर वैयक्तिक हमी घेण्यास बँकांना मनाई केली होती. येथेही निदान हमीच्या रकमेवर मर्यादा घालता येईल.

तोवर प्रश्न आहे तो दुसऱ्या सहीचा. प्रायव्हेट कंपनीला दोन संचालक लागतात, आणि दुसरे नाव बहुधा शाळेत शिकवणाऱ्या बहिणीचे किंवा कारकून मेहुण्याचे असते. सरकारी नोकराला पूर्वपरवानगीशिवाय असे पद घेता येत नाही, हे पुष्कळदा कोणी सांगतही नाही. “ताई, नुसती सही हवी आहे,” एवढेच सांगितले जाते. आणि वर्षभराने बँकेचे हमीपत्र येते, तेव्हा त्यावरही सहीच्या जागा दोन असतात.