एका नावाचे तीन कोन

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन गाव. भिवंडीकडे निघालेल्या टेम्पोत सुताचे कोन रचलेले आणि गावातल्या पोरांच्या वहीत भूमितीचा कोन. नाव एक, मानकरी तीन. पैकी दोघांच्या आसऱ्याने मोजमापाचे बरेच गैरसमज टिकून आहेत.

आधी वहीतला कोन. ‘सात मूलभूत एककं आणि दोन पूरक’ हे पाठांतर माझ्या जिभेवर अजून आहे. सात बरोबर: मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्व्हिन, मोल, कँडेला. पूरक मात्र उरली नाहीत. 1960 साली एसआय पद्धत ठरली तेव्हा रेडियन आणि स्टेरेडियन कुठे बसवायचे हेच ठरेना, म्हणून त्यांना वेगळा कप्पा दिला. 1995 मध्ये तो मोडून दोघांना साधित एककांत घातलं. का, ते सुताचाच कोन सांगेल. त्याची रुंद बाजू वर करा, तिथल्या वर्तुळाच्या त्रिज्येएवढा धागा कापून काठालगत बसवा. धाग्याची दोन टोकं मध्याशी जो कोन करतात तो एक रेडियन, सुमारे 57.3 अंश. लांबी भागिले लांबी. मीटरने मीटर कटतो, उरतो नुसता आकडा.

किलो म्हणजे हजार, तेव्हा मूळ एकक ग्रॅमच असणार, हा दुसरा समज. नाव तसं सुचवतं खरं. पण फ्रान्समध्ये 1799 साली प्लॅटिनमचं प्रमाण घडवलं ते किलोग्रॅमचं, आणि एसआयमध्येही मूलभूतपणाचा मान त्यालाच मिळाला. 20 मे 2019 पासून तो धातूच्या ठोकळ्यावर नव्हे, प्लांकच्या स्थिरांकावर टेकलाय. (वाण्याच्या काट्याला याचा पत्ताही लागला नाही.) लिटरही मूलभूत नाही, तो एक घन डेसिमीटर. एसआयच्या बाहेरचा, चालवून घेतलेला.

खरी गंमत टेम्पोतल्या कोनाची. ‘डेनियर म्हणजे धाग्याची जाडी’ असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात ते 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, काटेकोर बोलायचं तर वस्तुमान. म्हणून सारख्याच डेनियरचा नायलॉनचा धागा पॉलिएस्टरपेक्षा जाड भरतो. नायलॉन हलकं असतं. वस्तुमान भागिले लांबी, म्हणजे उघडच साधित राशी. टेक्समध्ये हाच हिशेब 1000 मीटरवर करतात. 150 डेनियरचा दोन किलोचा कोन उलगडला तर धागा निघेल 120 किलोमीटर. कल्याणहून रुळाकडेने पसरत गेलात तर तळेगाव मागे पडेल.

सुती धाग्याचा काउंट उलटा चालतो. 840 वारांची एक, अशा किती लडी एका पौंडात बसतात, तो काउंट. म्हणून 40 चं सूत 20 पेक्षा बारीक. टेक्समध्ये ते सुमारे 14.8. वार आणि पौंड यांना हटवणारा कायदा 1956 साली झाला. कोनावरच्या चिठ्ठीत मात्र दोघेही आहेत, त्या 40 मध्ये दडून.