विश्लेषण : संगीताच्या वर्गातून बाहेर काढलेली मुलगी पाच दशके स्टेजवर कशी टिकली? उषा उथुप यांच्या आवाजाची गोष्ट

२०२३ च्या अखेरीस एक व्हिडीओ अनेकांच्या मोबाइलवर फिरत होता. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ट्रिंकाज’ या रेस्तराँमध्ये साडी नेसलेली, ठसठशीत टिकली लावलेली गायिका मायली सायरसचे ‘फ्लॉवर्स’ हे गाणे गात होती आणि समोरची तरुण मंडळी फोन उंचावून चित्रीकरण करत होती. त्या गायिका म्हणजे उषा उथुप, वय वर्षे ७६. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ जाहीर झाला. विशेष म्हणजे या गायिकेने गाण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. उलट शाळेतच त्यांना ‘तुझा आवाज गाण्याचा नाही’ असे ऐकावे लागले होते. मग हा प्रवास घडला कसा? जाणून घेऊ या.

शाळेत नेमके काय झाले?

उषा यांचा जन्म नोव्हेंबर १९४७ चा, मुंबईतला. कुटुंब तमिळ, वडील मुंबई पोलीस दलात अधिकारी. बालपण भायखळ्यात गेले, शाळाही तिथलीच. घरात रेडिओ सतत सुरू असे. त्यावर पाश्चात्त्य गाणी लागत, तसेच कर्नाटक आणि हिंदुस्थानी संगीतही. मोठ्या बहिणी गायच्या. उषा यांचा आवाज मात्र त्या वयातही जाड होता. संगीताच्या वर्गात तो इतरांच्या आवाजात बसेना, म्हणून त्यांना गाण्यातून वगळण्यात आले. मात्र शिक्षिकेला मुलीत लय दिसत होती. त्यामुळे वाजवण्यासाठी छोटी तालवाद्ये तिच्या हाती आली. हा किस्सा उषा यांनी अनेक मुलाखतींत सांगितला आहे आणि तो सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसतो.

‘जाड आवाज’ म्हणजे काय?

स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतात, त्यावर आवाजाची उंची ठरते. बोलताना पुरुषांचा आवाज साधारण १२० हर्ट्झ, तर स्त्रियांचा २०० हर्ट्झच्या आसपास असतो. स्वरतंतू लांब आणि जाड असतील तर कंपने कमी होतात आणि आवाज खाली उतरतो. स्त्रियांमधील अशा खालच्या पट्टीच्या आवाजाला पाश्चात्त्य संगीतात ‘काँट्राल्टो’ म्हणतात. तो तुलनेने दुर्मीळ असतो.

समूहगानात सगळ्या मुली एकाच पट्टीत गातात. ती पट्टी उंच आवाजाच्या सोयीची असेल तर खालच्या आवाजाच्या मुलीला एक तर ओरडावे लागते किंवा सूर सोडावा लागतो. ऐकणाऱ्याला वाटते, हिला गाता येत नाही. प्रत्यक्षात अनेकदा पट्टी बदलली की प्रश्न सुटतो. त्या काळी हिंदी चित्रपटसंगीतात नायिकेचा आवाज म्हणजे उंच, गोड आवाज हे समीकरण पक्के होते. त्यामुळे शाळेबाहेरही हा आवाज मापात बसणारा नव्हता.

मग शिकल्या कुठे?

गर्दीसमोर. १९६९ च्या सुमारास चेन्नईच्या माउंट रोडवरील ‘नाइन जेम्स’ या छोट्या नाइट क्लबमध्ये त्या गाऊ लागल्या. पुढे मुंबईतील ‘टॉक ऑफ द टाउन’ आणि कोलकात्यातील ‘ट्रिंकाज’मध्ये संधी मिळाली.

नाइट क्लबचे गाणे स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा वेगळे असते. तिथे रिटेक नसतो. श्रोते काही फुटांवर बसलेले असतात, जेवत असतात, गप्पा मारत असतात. कोणी फर्माइश करतो, कोणी मध्येच उठून जातो. टेबलावरच्या गप्पा थांबल्या की गाणे पोहोचले, वाढल्या की चुकले. हा निकाल रोज रात्री, तिथल्या तिथे लागतो. कोणाशी कधी बोलायचे, पुढचे गाणे कोणते घ्यायचे, कोणत्या भाषेत घ्यायचे, हे सगळे उषा अशा मैफलींतून शिकल्या. पंधराहून अधिक भारतीय भाषांत गाण्याची त्यांची ओळख याच सवयीतून पुढे वाढत गेली. समोरच्याला त्याच्या भाषेतले गाणे ऐकवले की तो आपला होतो, हे त्यांना लवकर उमगले होते.

नाइट क्लबमध्ये साडी कशी?

त्या काळी क्लबमधील गायिका सहसा गाऊनमध्ये असत. उषा घरात जी साडी नेसायच्या, तीच नेसून स्टेजवर गेल्या. हा प्रसिद्धीसाठी आखलेला डाव नव्हता, मध्यमवर्गीय दाक्षिणात्य घरातली ती सवय होती, असे त्या सांगतात. पण परिणाम मोठा झाला. इंग्रजी पॉप गाणारी, कांजीवरम नेसलेली बाई पाहायला लोक कुटुंबासह येऊ लागले. पुढे मोठी टिकली, बांगड्या आणि साडीच्या कापडाने सजवलेले स्पोर्ट्स शूज ही त्यांची ओळख बनली.

चित्रपटांनी किती साथ दिली?

‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मध्ये त्या उषा अय्यर या नावाने गायल्या. पुढे ‘शालिमार’ (१९७८) मधील ‘वन टू चा चा चा’, ‘प्यारा दुश्मन’ (१९८०) मधील ‘हरि ओम हरि’ आणि ‘अरमान’ (१९८१) मधील ‘रंबा हो’ ही गाणी गाजली. ‘७ खून माफ’ (२०११) मधील ‘डार्लिंग’साठी रेखा भारद्वाज यांच्यासह त्यांना ‘फिल्मफेअर’ मिळाला. तरीही इतक्या दीर्घ कारकिर्दीच्या मानाने चित्रपटगीतांची यादी छोटीच आहे. त्यांचे नाव टिकले ते प्रामुख्याने लाइव्ह कार्यक्रमांवर.

बंदीचे प्रकरण काय होते?

१९८० च्या दशकात पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडी सरकारचे मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांच्या गाण्यांवर ‘अपसंस्कृती’चा शिक्का मारला. सरकारी सभागृहाची दारे बंद झाली. जिचे पोट स्टेजवर चालते, तिच्यासाठी ही केवळ टीका नव्हती, रोजगारावरच गदा होती. उषा यांनी शहर सोडले नाही. त्या न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. आज त्यांच्या कपाळावरील टिकलीत अनेकदा बंगाली ‘क’ हे अक्षर असते. तो ‘क’ कोलकात्याचा.

प्रसिद्धीबद्दल त्या काय सांगतात?

आपण फार मोठ्या गायिका आहोत, असा दावा उषा करत नाहीत. आपला आवाज वेगळा आहे आणि आपल्याला लोकांशी बोलता येते, एवढेच त्या वारंवार सांगतात. यात विनय आहे, तसा हिशेबही. आवाजाच्या शर्यतीत उतरल्या असत्या तर शाळेतलाच निकाल पुन्हा लागण्याचा धोका होता. त्यांनी श्रोत्यांशी नाते जोडले. त्यासाठी प्रत्येक कार्यक्रमात नव्याने मेहनत करावी लागते, कारण कालच्या टाळ्या आजच्या श्रोत्यांनी ऐकलेल्या नसतात.

आज रिअॅलिटी शोमध्ये एका फेरीत किंवा रीलच्या काही सेकंदांत आवाजाचा निकाल लागतो. बाहेर पडलेल्या मुलामुलींना ‘तुला गाता येत नाही’ असेच वाटत राहते. त्यातल्या काहींची फक्त पट्टी चुकलेली असू शकते. २०२३ च्या त्या व्हिडीओत उषा ज्या ‘ट्रिंकाज’मध्ये ‘फ्लॉवर्स’ गात होत्या, तिथेच पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी त्या रोज रात्री गात असत. गाणे बदलले होते, श्रोते बदलले होते. पट्टी मात्र त्यांची स्वतःची होती.