गरम हवा वर जाते, मग लोणावळा थंड का?

मे महिन्यात एकदा आम्ही नववीच्या मुलांना घेऊन कर्जतहून रेल्वेने लोणावळ्याला आणि तिथून चालत भुशीच्या तलावावर गेलो. घाट चढल्यावर उकाडा कमी झाला, तेव्हा एका मुलीने विचारले, “गरम हवा वर जाते ना? मग इथे कर्जतपेक्षा जास्त गरम का नाही?”

प्रश्न रास्त होता. ‘उंचीमुळे’ एवढे म्हणून तो सुटत नाही.

अभिसरण शिकवताना आपण चंचुपात्रातल्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकतो आणि त्याच्या खाली मंद आच देतो. जांभळी धार वर चढते, पलीकडून खाली उतरते. तापलेले पाणी प्रसरण पावून हलके होते. भोवतालचे जड पाणी त्याच्याखाली शिरते आणि त्याला वर ढकलते. म्हणजे ‘उष्णता वर जाते’ हे वाक्य बरोबर नाही. वर जाते ते हलके झालेले पाणी, आपल्याबरोबर उष्णता घेऊन.

आता समोरचा तलाव पाहा. तो उन्हाने वरून तापतो. तापलेले पाणी हलके, ते वरच राहते. दिवसा अभिसरण फारसे होतच नाही. रात्री पृष्ठभाग निवला की तिथले पाणी जड होऊन खाली जाते आणि अभिसरण सुरू होते.

हवेचे उलट आहे. ऊन हवेला थेट फार थोडे तापवते. ते जमीन तापवते आणि जमीन हवेला. म्हणजे हवा चंचुपात्रासारखी खालून तापते आणि वर चढते. पण वर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे चढणारी हवा फुगते, फुगताना भोवतालच्या हवेला बाजूला सारण्यात स्वतःची ऊर्जा खर्च करते आणि थंड होते. पाणी दाबाने फारसे आकसत वा फुगत नाही, म्हणून तलावात हा परिणाम जाणवत नाही.

वर्गात हे करून पाहा. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडा आणि व्हॉल्व्हपाशी बोट धरा: हवा गार लागते. पंपाने हवा भरताना मात्र पंपाचे टोक गरम होते.

कोरडी हवा किलोमीटरभर चढली तर सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. कर्जत समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर, लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. कर्जतची ३७ अंशांची हवा इथे पोचेपर्यंत साडेपाच अंशांनी उतरेल. लोणावळ्याची जमीनही उन्हाने तापते, म्हणून फरक रोज नेमका एवढाच भरणार नाही.

पावसाळ्यात समुद्रावरचा वारा सह्याद्रीला अडतो आणि वर चढतो. हे अभिसरण नव्हे, इथे डोंगर हवेला उचलतो. पण थंड होण्याचे कारण तेच. थंड हवेतले बाष्प पाणी होऊन कोसळते. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याकडे उतरणारी हवा दाबली जाऊन गरम होते, ढग विरळतात. तिथे पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर.

त्या मुलीचे पाठ्यपुस्तक चुकले नव्हते, ते फक्त अर्ध्यावर थांबले होते. गरम हवा वर जाते, आणि वर जाता जाता थंड होते. हे दुसरे अर्धे वाक्यही आपण वर्गात सांगायला हवे.