टोकन देण्याआधी वकिलाने काय पाहायचे?

• साठेखत हा विक्रीचा करार. मालकी देते ते खरेदीखत. नुसत्या साठेखताने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५४).

• सर्च रिपोर्ट : दुय्यम निबंधकांकडील नोंदींचा शोध; रिवाज ३० वर्षांचा.

• सातबारा : हा महसुली अभिलेख. 'इतर हक्क' रकाना ओळ न् ओळ वाचावा. बँकेचा बोजा, कुळाचे नाव तिथेच सापडते आणि घाईत तोच रकाना सुटतो. भोगवटादार वर्ग २ असेल तर विक्रीआधी परवानगीचा प्रश्न येतो.

• रेरा, कलम १३ : नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. रीसेल फ्लॅटला हे संरक्षण नाही.